उसना घोडा: बायझंटाइन काळातला शेजारधर्म आणि त्याचे नियम

बायझंटाइन साम्राज्यातल्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यातल्या, एखाद्या गावात शेजाऱ्याकडे खेचर मागायचं म्हणजे त्याच्या घरातली बहुधा सगळ्यात महागाची चीज चार दिवसांसाठी मागायची. ९व्या-१०व्या शतकातला ढोबळ हिशोब असा: घोडा १२ नोमिस्माच्या आसपास, चांगलं खेचर त्याहून थोडं वर, गाढव तीन-चार नोमिस्मात. नोमिस्मा म्हणजे सोन्याचं नाणं. एका रोमन पौंड सोन्यातून अशी ७२ नाणी पाडत, म्हणजे एकाचं वजन सुमारे साडेचार ग्रॅम. साध्या मजुराची वर्षाची सगळी कमाई घातली तरी घोडा येईलच असं नव्हतं.

विकत घेतला तरी तो पोसायचा असतो. कामाच्या घोड्याला रोज आठ-दहा किलो वैरण लागते, वर दोन-तीन किलो जवाची चंदी, आणि उन्हाळ्यात तीस-चाळीस लिटर पाणी. अनातोलियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) पठारावरच्या हिवाळ्यात ही वैरण साठवून ठेवावी लागे. वर्षातून चार-सहा वेळा बाहेरगावी जाणाऱ्याला हा खर्च परवडत नसे. त्यामुळे बाजाराच्या गावी, बिशपच्या न्यायसभेत, कर भरायला, किंवा ऑक्टोबरात थेसालोनिकीला संत दिमित्रियोसच्या जत्रेला जायचं असलं की ज्याच्याकडे जनावर आहे त्याच्याकडे मागणं ही रोजची रीत होती. एवढी महागाची चीज पैसे न घेता दुसऱ्याच्या हाती जायची, म्हणून वादही व्हायचे, आणि ते वाद सोडवायला नियम होते. हे नियम फार बारकाईचे आहेत. जनावरं प्रत्यक्ष हाताळलेल्या लोकांच्या अनुभवातून ते आले आहेत हे वाचताना जाणवतं.

हे नियम कुठून आले ते थोडक्यात. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३-५३४ मध्ये रोमन कायदा एकत्र बांधून घेतला: जुन्या विधिज्ञांच्या मतांचा संग्रह म्हणजे डायजेस्ट, शिकणाऱ्यांसाठी इन्स्टिट्यूट्स, आणि सम्राटांच्या आदेशांचा कोडेक्स. भाषा लॅटिन, पण बहुतेक प्रजा ग्रीक बोलणारी. म्हणून लगेचच ग्रीक भाषांतरं आणि टीका तयार झाल्या. ७४१ मध्ये सम्राट तिसऱ्या लिओने एक्लोगा नावाची आटोपशीर संहिता काढली. ७व्या-८व्या शतकात गावगाड्यासाठी ‘शेतकऱ्यांचा कायदा’ म्हणून ओळखली जाणारी ८५ कलमांची छोटी संहिता वापरात आली. आणि ९व्या शतकाच्या अखेरीस, सहाव्या लिओच्या काळात, जस्टिनियनचं सगळं भांडार ग्रीकमध्ये ६० ग्रंथांत मांडलं गेलं, ते बासिलिका. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेलं घोड्याचं उदाहरण हजार वर्षांनंतरच्या कॉन्स्टँटिनोपलच्या न्यायाधीशासमोरही होतंच.

आता मूळ व्यवहार. दुसऱ्याचं जनावर तुमच्या हाती तीन प्रकारे येऊ शकतं. मालकाने मोबदला न घेता वापरायला दिलं, तर ते उसनं. पैसे ठरले की तो भाड्याचा करार. त्याचे नियम वेगळे. न विचारता नेलं तर गुन्हा. उसनवारीला लेखी कागद लागत नव्हता. जनावर हाती दिलं, करार झाला. नुसतं ‘उद्या देतो’ म्हटल्याने या कराराचं बंधन तयार होत नसे.

भाड्यापेक्षा फुकटच्या उसनवारीत घेणाऱ्यावरची जबाबदारी जास्त कडक होती. कारण साधं आहे: भाड्यात दोघांचा फायदा असतो, इथे सगळा फायदा घेणाऱ्याचा. म्हणून इन्स्टिट्यूट्समध्ये म्हटलंय की उसनी वस्तू घेणाऱ्याने ती काटेकोर काळजीने सांभाळली पाहिजे. स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेतली हा बचाव चालत नाही. दुसऱ्या एखाद्या अधिक दक्ष माणसाला ती जपता आली असती, तर दोष तुमचाच. तुमचं स्वतःचं गाढव तुम्ही रात्री अंगणात मोकळं सोडत असाल, पण शेजाऱ्याचं खेचर तसं सोडलं आणि चोरीला गेलं, तर भरपाई तुमच्याकडून. चोर सापडला तर मालकाने चोराला धरावं की तुम्हाला, ही निवडही जस्टिनियनने मालकाकडे दिली.

प्रत्यक्ष वादात न्यायाधीश आधी दोन गोष्टी विचारी: कुठपर्यंत मागितलं होतं, आणि कशासाठी?

‘कुठपर्यंत’चा नियम एक्लोगाच्या १७व्या प्रकरणात आहे. ठरलेल्या ठिकाणापर्यंत म्हणून कुणी घोडा घेतला आणि तो त्यापुढे नेला, आणि घोडा जखमी झाला किंवा मेला, तर मालकाची भरपाई करायची. पुढच्या वाटेवर तुम्ही किती जपून हाकलंत याला अर्थ नाही. हद्द ओलांडली त्या क्षणी पुढचा सगळा धोका तुमच्या गळ्यात. यामागचं कारण व्यवहारी आहे. घोडा देताना मालक मनात हिशोब करतो: इथून बाजाराचं गाव एक दिवसाचं, परतीचा एक दिवस, मध्ये एक मुक्काम, एवढं माझं जनावर झेपेल. हा हिशोब त्याने ज्या अंतरावर केला, तेवढ्याच अंतराची त्याची संमती.

‘कशासाठी’चं उदाहरण डायजेस्टमध्ये उल्पियन या रोमन विधिज्ञाने दिलंय. मळ्यावर न्यायला म्हणून घोडा दिला आणि घेणाऱ्याने तो लढाईवर नेला, तर तो जबाबदार. जाणूनबुजून असं केलं तर ती नुसती कराराची मोडतोड राहत नाही, चोरीत मोडते. चोरी जनावराची नव्हे, त्याच्या वापराची. इथे एक सवलत होती: मालकाला विचारलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं असं घेणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटलं असेल, तर चोरीचा आरोप टिकत नाही. नेहमीच्या ओळखीपाळखीत ही सवलत मोलाची. जुन्या मित्राचा घोडा दोन कोस पुढे नेणारा आणि अनोळखी माणसाचा नेणारा यांच्यात कायदा फरक करू शकत होता. भरपाई मात्र दोघांनाही चुकत नाही.

शेतकऱ्यांच्या कायद्यात हेच नियम गावच्या भाषेत येतात. एकाने कामासाठी बैल मागून नेला आणि तो मेला, तर न्यायाधीशांनी चौकशी करायची: ज्या कामासाठी मागितला होता त्याच कामात मेला का? तसं असेल तर घेणाऱ्याला दोष नाही. दुसऱ्या कामात मेला असेल तर पूर्ण बैल भरून द्यायचा. आणि मालकाच्या नकळत कुणी बैल, गाढव किंवा दुसरं जनावर कामाला घेऊन गेला, तर दुप्पट भाडं. वाटेत मेलं तर एकाला दोन. ही रक्कम ठरवताना गावात नेहमीचं भाडं किती हे सगळ्यांना ठाऊक असणार, म्हणून शिक्षा भाड्याच्या पटीत ठेवणं सोयीचं होतं.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, आणि ते उगाच नाही. आपल्याकडे लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १५४ खाली दोन उदाहरणं छापलेली आहेत. पहिलं: ‘अ’ने ‘ब’ला फक्त त्याच्या स्वतःच्या रपेटीसाठी घोडा दिला, ‘ब’ने तो घरातल्या ‘क’ला दिला, ‘क’ने नीट चालवला तरी घोडा पडून जखमी झाला; भरपाई ‘ब’ने द्यायची. दुसरं: कलकत्त्यात घोडा भाड्याने घेतला बनारसला जाण्यासाठी, नेला कटकला, घोडा पडला, भरपाई घेणाऱ्याची. रोमन विधिज्ञांची ही विचारपद्धत इंग्रजी कायद्यातून आपल्यापर्यंत आली. एका ठिकाणी मात्र दोन्हींत फरक आहे. आपल्या कलम १५१ मध्ये फुकट असो की भाड्याने, काळजीचं माप एकच: साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी. बायझंटाइन न्यायाधीश फुकट घेणाऱ्याकडून याहून जास्त मागत असे. पैसे मोजले नाहीत तर निदान लक्ष तरी पूर्ण दे, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

खर्चाचा प्रश्न रोजचा. उसन्या जनावराच्या दाणावैरणीचा खर्च वापरणाऱ्याने करायचा. डायजेस्टमध्ये विधिज्ञ गायसने हे सांगताना उदाहरण उसन्या दिलेल्या गुलामाचं घेतलंय, पण नियम खाणाऱ्या प्रत्येक जिवाला लागू पडतो: ज्याने कामाला घेतला त्याने खाऊ घालावं, हे निसर्गतःच योग्य. किरकोळ औषधपाणीही त्याच्याचकडे. मोठं आजारपण निघालं, किंवा पळून गेलेल्याला शोधून आणायला मोठा खर्च आला, तर तो मालकाकडे मागता येतो. म्हणजे एक निसटलेला नाल ठोकून घेतला तर तुमचा खर्च. वाटेत घोडा गंभीर आजारी पडून वैद्याकडे आठवडाभर ठेवावा लागला तर मालकाचा, अर्थात आजार तुमच्या चुकीने झालेला नसेल तर.

आणि चूक होण्याच्या जागा कमी नव्हत्या. जनावर हाताळणाऱ्या माणसाला त्या माहीत असतात. पण मागून नेणाऱ्याकडे स्वतःचं जनावर नसल्यामुळे त्याला बहुधा त्या माहीत नसत. सगळ्यात वाईट म्हणजे थकलेल्या घोड्याला भरपूर जव. दिवसभर चालवून आणलेला घोडा भुकेला असतो, आणि उसना घेणारा त्याला चांगलं वागवावं म्हणून तोबरा भरभरून चंदी देतो. धान्य एवढं की पोटात पचत नाही, मागच्या आतड्यात जाऊन आंबतं, आणि त्यातून खुराच्या आतल्या नाजूक पडद्यांना सूज येते. ग्रीक पशुवैद्य या आजाराचं नावच जवावरून घेत. घोडा पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर भार देऊन उभा राहतो, खुर हाताला गरम लागतात, पावलं आखूड पडतात. वेळीच लक्षात आलं नाही तर खुराच्या आतलं हाड सुटून खाली सरकतं आणि घोडा कायमचा लंगडा होतो. उपाय सोपा आहे: आधी मोकळा तंग करून सावकाश फिरवायचं, अंग गार पडू द्यायचं, थोडं थोडं पाणी, मग गवत, आणि चंदी अगदी शेवटी आणि बेताची. जुन्या ग्रीक पशुवैद्यांची मतं हिप्पियात्रिका नावाच्या संग्रहात एकत्र केली होती. या संग्रहाची १०व्या शतकातली देखणी प्रत आज बर्लिनमध्ये आहे. पोटशूळ, खुरांचे आजार, पाठीवरचे घाव, संसर्गाने पसरणारा शेंबड्या रोग, सगळं त्यात आहे.

दुसरी जागा पाठ. खोगीर ज्याचं त्याच्या घोड्याला बसतं. घोडा एकाचा आणि खोगीर दुसऱ्याचं असेल तर खांद्यामागच्या उंचवट्यावर दाब येतो, आणि एका दिवसात पाठ सोलवटते. खोगीर काढल्यावर घाम आलेल्या पाठीवर एखादा कोरडा डाग दिसला तर तिथेच दाब जास्त आहे असं समजावं. दुसऱ्या दिवशी तिथे केस झडतात, तिसऱ्या दिवशी जखम. म्हणून घोड्याबरोबर त्याचंच खोगीर आणि खालचं जाड कापड घेणं बरं. इ.स. ६०० च्या आसपासच्या ‘स्त्रातेगिकोन’ या लष्करी ग्रंथात घोडेस्वाराच्या सामानाची यादी आहे: खोगिराखाली मोठी जाड कापडं, चांगला लगाम, खोगिराला दोन लोखंडी रिकिबी, वादीचा फास, पायबंद, आणि तीन-चार दिवसांचा शिधा मावेल एवढी झोळी. सैन्यासाठीची यादी असली तरी लांबच्या वाटेला निघणाऱ्या कुणालाही यातलं काही वगळता येत नाही. पायबंद तर उसन्या जनावराला हवाच, कारण मोकळं सुटलं की ते आपल्या घराच्या दिशेने निघतं.

तिसरी जागा खुर. खिळे ठोकलेले लोखंडी नाल सहाव्या लिओच्या लष्करी ग्रंथात, म्हणजे ९०० च्या सुमारास, चंद्रकोरीच्या नावाने येतात. त्याआधीच्या आणि गावाकडच्या कित्येक जनावरांना नाल नसतच. अशा जनावराला मऊ मातीच्या वाटेऐवजी दगडी रस्त्यावर नेलं की खुर झिजून ते दोन दिवसांत लंगडतं. म्हणून मागताना नुसतं गाव सांगून भागत नाही, कुठल्या वाटेने जाणार तेही सांगावं लागतं.

बांधण्यातही अनर्थ होतात. डायजेस्टमध्ये एक प्रकरण आहे: भाड्याने घेतलेल्या गुलामाकडे खेचर हाकायला दिलं, त्याने वादी स्वतःच्या अंगठ्याला बांधली. खेचर बुजून उधळलं, अंगठा तुटला, आणि खेचर कड्यावरून कोसळलं. चुकीच्या माणसाला कामाला लावलं की बेफिकिरीने बांधलं, यावर विधिज्ञांनी खल केला. दोर हाताला गुंडाळू नये ही ताकीद आजही घोडा शिकवणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी देतो.

दोष प्रत्येक वेळी घेणाऱ्याचाच असे असंही नाही, आणि हा भाग मला या कायद्यातला सगळ्यात समंजस वाटतो. विधिज्ञ पोम्पोनियस म्हणतो: अमुक ठिकाणापर्यंत वापरायला मी तुला घोडा दिला, आणि तुझी काही चूक नसताना त्या प्रवासातच तो खंगला, तर तू जबाबदार नाहीस. चूक माझी, एवढ्या लांबच्या वाटेला जो घोडा टिकणार नव्हता तो मी दिला. आपलं जनावर काय झेपवतं हे मालकाला ठाऊक असायला हवं. तसंच माहीत असलेला दोष लपवून देणंही मालकाच्या अंगाशी येतं. याचं रोमन उदाहरण गळक्या भांड्यांचं आहे: फुटकी हे माहीत असताना भांडी उसनी दिली आणि त्यातला दारू-तेलाचा साठा वाया गेला, तर देणारा जबाबदार. आपल्या करार कायद्याच्या कलम १५० मध्ये पुन्हा घोडाच येतो: खोडकर आहे हे माहीत असून सांगितलं नाही, घोडा उधळला, स्वार पडला, भरपाई देणाऱ्याने करायची. इथेही फुकट देणाऱ्याने माहीत असलेलेच दोष सांगायचे. भाड्याने देणारा मात्र माहीत नसलेल्या दोषांनाही बांधील.

विकत घेतानाच्या लपवाछपवीवर तर राजधानीत वेगळी नजर होती. कॉन्स्टँटिनोपलमध्ये जनावरांचा बाजार अमास्त्रियानोस चौकात भरे, आणि १०व्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘एपार्कचा (नगरप्रमुखाचा) ग्रंथ’ या नियमावलीत जनावरांची पारख करणाऱ्या मध्यस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

दरोडेखोर आणि शत्रू. आग, पूर, धाड अशा न टाळता येणाऱ्या आपत्तीत जनावर गेलं तर घेणारा सुटतो, पण जायचं नव्हतं तिथे नेल्यामुळे ती आपत्ती ओढवली असेल तर नाही. सीमेवरच्या गावांना हा नियम जिव्हाळ्याचा. कोडेक्समध्ये सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसचं एक उत्तर आहे. एका माणसाने शेजाऱ्याकडे बैल मागितला. शत्रूच्या धाडीची भीती होती, म्हणून बैल गेला तर नुकसान मी सोसेन असं त्याने कबूल केलं. धाड आली, बैल गेला. सम्राटाने कळवलं: एरवी अशी जबरदस्तीची लूट घेणाऱ्याच्या माथी मारत नाहीत, पण त्याने वचन दिलं होतं हे सिद्ध केलंस, तर प्रांताधिकारी त्याच्याकडून ते पाळून घेईल. उत्तर तिसऱ्या शतकातलं असलं तरी ८व्या-९व्या शतकात, जेव्हा अरब फौजा जवळजवळ दरवर्षी अनातोलियात शिरत, तेव्हा ते आणखीच कामाचं ठरलं असणार.

परत करण्याचेही नियम. घोडी उसनी दिली आणि तिच्या मागे शिंगरू आलं, तर शिंगराच्या राखणीची जबाबदारीही घेणाऱ्यावर, असं जुन्या विधिज्ञांचं मत उल्पियन नोंदवतो. ज्याने घोडी ओढत नेताना मागे येणारं शिंगरू पाहिलंय त्याला हे पटेल. आईपासून तोडणं अशक्य, आणि वाटेत कुत्रा-लांडग्याला तेच आधी बळी पडतं. मालकाने माणूस पाठवला, तुम्ही घोडा त्याच्या हाती दिला, आणि तो माणूस घोड्यासकट पळाला तर? पोम्पोनियसचा निवाडा नेमका आहे: मालकाने ‘याच्याकडे दे’ म्हणून पाठवला असेल तर नुकसान मालकाचं, ‘घोडा परत आणून दे’ एवढी आठवण करायला पाठवला असेल तर तुमचं. म्हणून निरोप नेमका काय आहे हे विचारल्याशिवाय लगाम हाती द्यायचा नाही. ‘तू मला पैसे देणं लागतोस, तोपर्यंत घोडा माझ्याकडे’ हेही चालत नसे; कर्जाच्या सबबीवर उसनी वस्तू अडवता येत नाही असा सम्राट डायोक्लेशनच्या काळातला आदेश कोडेक्समध्ये आहे. आणि दुसऱ्या बाजूने, मालकालाही मध्येच वाटेत गाठून घोडा काढून घेता येत नाही. द्यायचा की नाही ही त्याची मर्जी. दिल्यावर ठरलेलं काम होईपर्यंत थांबणं हे त्याचं कर्तव्य.

उसनवारीचं आणखी एक रूप कायद्याच्या पुस्तकाबाहेर सापडतं. अनातोलियाच्या उत्तरेकडच्या पाफ्लागोनिया प्रांतातल्या आम्निया गावचा फिलारेतोस हा ८व्या शतकातला मोठा जमीनदार. त्याचं चरित्र नातू निकेतासने ८२१-८२२ मध्ये लिहिलं. ते सांगतं की फिलारेतोसकडे १०० बैलजोड्या, ६०० गुरं, कुरणावर ८०० घोड्या, स्वारीची ८० घोडी-खेचरं आणि १२,००० मेंढ्या होत्या. दानधर्म आणि अरबांच्या धाडी यात सगळं गेलं, आणि हाताशी थोडीच जनावरं उरली, त्यात एक घोडा. तेव्हा मुसुलियोस नावाचा गरीब शिपाई त्याच्याकडे आला. त्या काळी प्रांताच्या सैनिकाला घोडा स्वतःचा आणावा लागे, आणि हजेरीच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर तो दाखवावा लागे. याचा घोडा ऐन हजेरीच्या वेळी मेला होता. हजेरी पार पडेपर्यंत घोडा उसना दे, एवढंच त्याचं मागणं, म्हणजे आजचा मार चुकेल. फिलारेतोसने विचारलं, हजेरी झाल्यावर काय करशील? आणि घोडा त्याला देऊनच टाकला.

त्या प्रश्नाकडे कायद्याच्या नजरेने बघा. हजेरीपुरता दिलेला घोडा हजेरीनंतर मोहिमेवर गेला, तर ती उल्पियनची ‘मळ्यासाठी दिला, लढाईवर नेला’ हीच स्थिती. परत दिला तर शिपाई पुन्हा पायी, आणि पुढच्या हजेरीला पुन्हा तेच. उसनवारीने हा पेच सुटणारच नव्हता. पुढे फिलारेतोसची नात मारिया ७८८ मध्ये सम्राट सहाव्या कॉन्स्टँटाइनची पत्नी झाली, म्हणून हे घराणं आणि त्याच्या एकुलत्या घोड्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. अशा वेळी कुणी दारात न आलेले कितीतरी मुसुलियोस असतील.

मुसुलियोसची अडचण सरकारलाही दिसत होती. सम्राट पहिल्या निकेफोरोसने ८१० मध्ये हुकूम काढला की गरिबांना सैन्यात घ्यायचं, त्यांच्या सज्जतेचा खर्च शेजाऱ्यांनी करायचा, आणि त्यासाठी माणशी साडेअठरा नोमिस्मा तिजोरीत भरायचे. इतिहासकार थेओफानेसने ही गोष्ट सम्राटाने प्रजेवर लादलेल्या छळांपैकी एक म्हणून नोंदवली आहे. मनापासून देण्याची गोष्ट पट्टी म्हणून वसूल होऊ लागली की ती कशी वाटते, हे त्याच्या संतापातून कळतं.

असा हात मोठ्या लोकांवरही पडे. सम्राट रोमानोस लेकापेनोसच्या कारकिर्दीत (९२०-९४४) दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीसच्या लोकांनी इटलीतल्या मोहिमेवर जाण्याऐवजी खोगीर-लगामासह १,००० घोडे आणि १०० पौंड सोनं, म्हणजे ७,२०० नोमिस्मा, द्यायचं कबूल केलं. वाटणीची यादी सम्राट सातव्या कॉन्स्टँटाइनने आपल्या मुलासाठी लिहिलेल्या राज्यकारभाराच्या ग्रंथात ठेवली आहे. करिंथचा महाबिशप ४ घोडे, पात्रासचा ४, बाकी बिशप प्रत्येकी २. दरबारी पदव्या धारण करणारे पदवीप्रमाणे ३, २ किंवा १. सम्राटाचे आणि बिशपांचे मठ प्रत्येकी २. आणि ऐपत नसलेले मठ: दोघांत मिळून एक घोडा. खलाशांकडून, जांभळा रंग देणारे शिंपले काढणाऱ्यांकडून आणि चर्मपत्र बनवणाऱ्यांकडून एकही घेतला नाही.